कॉलसाइन शोभेसाठी नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ॲनिमेशनमधल्या विज्ञानकथांवर मराठीत आता आवडीने आणि अभ्यासून लिहिले जाते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वास्तवाचा विषय निघाला की चर्चा यानाच्या पत्र्यावरचे रिव्हेट, इंजिनाची ज्वाळा आणि पोकळीत आवाज येतो की नाही, एवढ्यावरच थांबते. वैमानिक एकमेकांशी काय आणि कसे बोलतात, याकडे कोणी कान देत नाही. कॉकपिटमधल्या प्रसंगात चेहरा मास्कखाली झाकलेला असतो, हात थ्रॉटल आणि स्टिक सोडत नाहीत. प्रसंगाचा सगळा भार रेडिओवरच्या वाक्यांवर येतो आणि नेमकी तीच वाक्ये सर्वांत निष्काळजीपणे लिहिली जातात. ती नीट लिहायला चित्रांचा खर्च तर एका पैशानेही वाढत नाही. म्हणून हे पत्र.

कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर हाक मारायचे नाव, म्हटले की दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि पटकथांमध्ये त्यांची सर्रास गल्लत होते. एक असतो उड्डाणाचा कॉलसाइन. चार विमानांची तुकडी 'व्हायपर वन' असेल, तर नेता 'व्हायपर वन-वन', त्याचा जोडीदार 'वन-टू', दुसऱ्या जोडीचा प्रमुख 'वन-थ्री' आणि त्याचा जोडीदार 'वन-फोर'. हे नाव त्या उड्डाणापुरते असते. उद्या तोच वैमानिक दुसऱ्या तुकडीत तिसऱ्या क्रमांकावर असेल, तर त्याची रेडिओवरची ओळखही बदलते. दुसरा असतो माणसाचा कॉलसाइन, म्हणजे स्क्वाड्रनमध्ये पडलेले टोपणनाव. आपले ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा 'शक्स' हे त्यांचे नाव घरोघरी पोचले. आडनावाचे लहान रूप, ऐकताच कळणारे. अमेरिकी नौदलात आणि हवाई दलात हे नाव सोबतचे वैमानिक देतात. ते बहुतेक वेळा आडनावावरच्या कोटीतून किंवा फजितीतून येते आणि ज्याला मिळते त्याला ते आवडलेच पाहिजे, असा काही नियम नाही. स्वतःसाठी भारदस्त नाव निवडून पहिल्याच दिवशी ते सांगत फिरणारा ॲनिमेशनमधला नायक खऱ्या स्क्वाड्रनमध्ये आठवडाभरही त्या नावाने टिकणार नाही. शिवाय टॉवरला हे टोपणनाव माहीत नसते. उतरायची परवानगी मागताना वैमानिक स्वतःला 'शक्स' म्हणत नाही, त्या दिवशीचा उड्डाणाचा कॉलसाइनच सांगतो.

विज्ञानकथांमध्ये 'रेड वन', 'ब्लू टू' इतके ऐकू येते की ती पटकथालेखकांचीच कल्पना वाटावी. हा वारसा १९४० च्या ब्रिटिश हवाई दलाचा आहे. तेव्हा स्क्वाड्रनमधल्या तुकड्यांना लाल, पिवळा, निळा, हिरवा असे रंग असत आणि रंगानंतर विमानाचा क्रमांक येई. जपानी मालिकांनी पुढे अमेरिकी नौदलाची पद्धत उचलली. 'मॅक्रॉस' (१९८२) मधले व्हीएफ-१ हे रूप बदलणारे यान अमेरिकी नौदलाच्या एफ-१४ टॉमकॅट या लढाऊ विमानावर बेतलेले आहे आणि त्यातल्या स्कल स्क्वाड्रनची शेपटीवरची कवटी अमेरिकेच्या 'जॉली रॉजर्स' स्क्वाड्रनची आठवण करून देते. तिथे रेडिओवर 'स्कल लीडर' असे बोलतात, म्हणजे तुकडीचे नाव आणि तिच्यातले स्थान. यंत्रमानवात बदलणारे विमान प्रेक्षकाला पटते, त्यात अशा तपशिलांचा मोठा वाटा आहे.

आता वाक्याच्या रचनेकडे येतो, कारण सर्वांत जास्त बिघडते ते इथेच. पटकथेत वाक्य असते : "सांभाळ! तुझ्या मागे शत्रू आहे, डावीकडे वळ!" चारही विमाने एकाच वाहिनीवर असतात. 'तुझ्या' म्हणजे कोणाच्या? 'डावीकडे वळ' ऐकून चौघेही वळले, तर तुकडी विस्कटते आणि टक्कर होण्याची भीती निर्माण होते. खरे वाक्य असे असते : "व्हायपर वन-टू, ब्रेक लेफ्ट, बँडिट सिक्स ओ'क्लॉक, वन माइल." 'ब्रेक लेफ्ट' म्हणजे झटक्यात डावीकडे वळ, 'बँडिट' म्हणजे शत्रूचे विमान आणि 'सिक्स ओ'क्लॉक' म्हणजे थेट मागे. आधी कोणाला, मग काय करायचे, मग का. 'का' शेवटी येते, कारण ते ऐकण्याआधीच वैमानिकाचा हात हललेला असला पाहिजे. वाक्य मध्येच तुटले तरी पहिल्या चार शब्दांत जीव वाचवण्यापुरते आलेले असते. धोका नसतानाचा क्रमही ठरलेला आहे : आधी ज्याला हाक मारायची त्याचा कॉलसाइन, मग आपला, मग निरोप. 'रॉजर' म्हणजे ऐकले, 'विल्को' म्हणजे ऐकले आणि तसे करतो. 'ओव्हर' म्हणजे तुम्ही बोला आणि 'आउट' म्हणजे संभाषण संपले. म्हणून 'ओव्हर अँड आउट' ही जोडी कानाला कितीही छान वाटली तरी अर्थहीन आहे. ऐकू आले नाही तर 'से अगेन' म्हणतात, 'रिपीट' म्हणत नाहीत. तोफखान्याच्या भाषेत 'रिपीट' म्हणजे त्याच जागी पुन्हा मारा करा.

रेडिओ हा टेलिफोन नाही, ही गोष्ट तर जवळजवळ सगळेच विसरतात. बटण दाबून धरले की बोलता येते, सोडले की ऐकता येते. दोघांनी एकाच वेळी दाबले, तर विमानांच्या एएम रेडिओवर दोन्ही वाहक लहरी एकमेकींत मिसळून कर्कश शिट्टी उमटते आणि दोघांचेही शब्द जातात. विमान वाहतुकीत एएम टिकून राहण्याचे एक कारण हेच सांगतात : एफएमवर जोरकस लहर दुबळीला पूर्ण दाबून टाकते आणि कोणीतरी बोलत होते हेसुद्धा कळत नाही, एएमवर निदान शिट्टी तरी ऐकू येते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने धडकून ५८३ माणसे गेली, त्याच्या कारणांत एकाच वेळी झालेल्या दोन संदेशांची अशी शिट्टी होती. ॲनिमेशनमध्ये मात्र सहा वैमानिक एकदम ओरडतात आणि सहाही जणांचे शब्द स्वच्छ ऐकू येतात. अडकलेले बटण, महत्त्वाच्या शब्दावर पडलेली शिट्टी, उत्तर न आल्याने तोच कॉलसाइन पुन्हा पुन्हा पुकारणारा आवाज, हे सगळे नाट्य आयते हाताशी असूनही कोणी वापरत नाही.

आवाजाचेही तसेच. नऊ जीच्या वळणात, म्हणजे शरीराचे वजन नऊपट भासते तेव्हा, माणूस सलग वाक्य बोलू शकत नाही. डोक्यातले रक्त खाली उतरू नये म्हणून वैमानिक पाय आणि पोट आवळून श्वास कोंडतो, साधारण तीन सेकंदांनी झटक्यात तो बदलतो आणि पुन्हा कोंडतो. त्या फटीत एखाददुसरा शब्द बसतो. त्यामुळे वळण घेताना भाषण ठोकणारा खलनायक पाहिला की कॉकपिटचा भास तिथल्या तिथे संपतो. ध्वनिमुद्रणात हे साधायला यंत्र लागत नाही. कलाकाराला खुर्चीत बसून पोट आवळायला सांगावे, श्वास कोंडून तोच संवाद तोडून तोडून म्हणवून घ्यावा आणि मग आवाजातले ३०० हर्ट्झच्या खालचे आणि ३,००० हर्ट्झच्या वरचे भाग कापावेत.

हा कापलेला पट्टा नावे निवडतानाही ध्यानात ठेवावा लागतो. पुण्या-मुंबईत ॲनिमेशन शिकणारी मुले आता स्वतःच्या विज्ञानकथा रचत आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतो. स, श, फ या वर्णांची धार वरच्या कंपनांत असते आणि रेडिओ तीच गिळतो. म्हणून 'सारंग' आणि 'तरंग' एकाच कथेत नकोत. 'वाघ' आणि 'नाग' ही जोडी त्याहून वाईट : स्वर तोच, शेवट जवळजवळ तोच, लांबी तीच. 'गरुड', 'चित्ता', 'वादळ' एकत्र चालतील, कारण स्वरांची मांडणी निराळी आहे. नाव दोन-तीन अक्षरांचे असावे आणि आज्ञेसारखे ऐकू येऊ नये. 'ब्रेक' ही आज्ञा असलेल्या तुकडीत कोणाचे नाव 'ब्लेझ' ठेवू नये. याच कारणाने रेडिओवर इंग्रजी 'नाइन'चे 'नायनर' आणि 'फाइव्ह'चे 'फाइफ' केले गेले, कारण ते दोन आकडे गोंगाटात एकसारखे वाटत. चाचणी सोपी आहे. स्वयंपाकघरात मिक्सर चालू ठेवून एकाने यादीतली नावे उलटसुलट म्हणावीत, दुसऱ्याने पलीकडच्या खोलीत ती लिहावीत. ज्या दोन नावांची अदलाबदल होईल, त्यांतले एक काढून टाकावे.

पडद्यावरच्या लेबलांचाही विचार हवा. डेटालिंकवर, म्हणजे विमाने एकमेकांना आपोआप माहिती पाठवतात त्या जोडणीच्या पडद्यावर, मित्रविमानाच्या खुणेशेजारी पूर्ण नाव मावत नाही, म्हणून कॉलसाइनचे पहिले व शेवटचे अक्षर आणि दोन आकडे घेतात. इंग्रजीत 'व्हायपर वन-वन'चे होते 'व्हीआर ११'. अशा संक्षेपात 'व्हायपर' आणि 'व्हेपर' एकच दिसतील, म्हणजे कानाबरोबर डोळ्यासाठीही नावे वेगळी लागतात.

कॉलसाइन शत्रूही ऐकत असतो. कुठले नाव कुठल्या तुकडीचे हे त्याला कळले, की समोर कोण येते आहे हेही कळते. २ जानेवारी १९६७ रोजी व्हिएतनाममध्ये कर्नल रॉबिन ओल्ड्स यांनी याच सवयीचा फायदा घेतला. एफ-४ फँटम विमाने त्यांनी एफ-१०५ बॉम्बफेकी विमानांच्या वाटेने, उंचीने आणि वेगाने नेली. रेडिओवरची बोली एफ-१०५ वाल्यांची आणि कॉलसाइनही त्यांच्या धर्तीवर मोटारींचे : ओल्ड्स (इथे ओल्ड्समोबाइल मोटार), फोर्ड, रॅम्बलर. सोपी शिकार समजून उत्तर व्हिएतनामची मिग-२१ विमाने वर चढून आली आणि त्या दिवशी अमेरिकेने सात मिग पाडल्याची नोंद केली. 'ऑपरेशन बोलो' या नावाने ही मोहीम ओळखली जाते. कॉलसाइनवर अख्खे कथानक उभे राहू शकते ते असे. 'पॅटलेबर २' (१९९३) या जपानी ॲनिमेशनपटात टोकियोकडे येणारी एफ-१६ विमाने फक्त रडारच्या पडद्यावर असतात, आकाशात नसतात. नियंत्रण कक्षातले आवाज आणि पडद्यावरच्या खुणा एवढ्यावर तो थरार उभा राहतो. तो प्रसंग अभ्यासक्रमात लावण्याच्या योग्यतेचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंतराळात यातले काय टिकते? कॉलसाइन टिकतो. गागारिनचा 'केद्र' होता, तेरेश्कोवाचा 'चायका'. सोव्हिएत पद्धतीत कमांडरचा कॉलसाइन साऱ्या पथकाला लागू होई, पुढे क्रमांक लागत. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा गेले ते युरी मालिशेव यांच्या 'युपिटर' पथकातून. अमेरिकेत अपोलो ९ ला 'गमड्रॉप' आणि 'स्पायडर' अशी दोन नावे द्यावी लागली, कारण यान प्रथमच दोन भागांत सुटे होऊन माणसांसह उडणार होते आणि एका नावाने दोघांना हाक मारता येत नव्हती.

टिकत नाही ते उंचीचे आणि दिशेचे बोलणे. 'एंजल्स ट्वेंटी' म्हणजे वीस हजार फूट. जमीनच नसेल तर कशापासून? घड्याळाच्या काट्यांवरून दिशा सांगणे तर प्रत्येक यान वेगळ्या बाजूला तोंड करून तरंगत असताना निरुपयोगी आहे. 'बुल्सआय' मात्र चालेल. आधी ठरवलेल्या गुप्त बिंदूपासून दिशा आणि अंतर सांगायचे, म्हणजे एकच निरोप सगळ्यांना पुरतो आणि तो बिंदू ठाऊक नसलेल्या शत्रूला काही कळत नाही. अंतराळात त्याला वर-खालचा कोन जोडावा लागेल, इतकेच. दहा लाख किलोमीटरवरच्या यानाला शब्द पोचायलाच सव्वातीन सेकंदांहून जास्त लागतात, म्हणजे 'ब्रेक लेफ्ट' पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. तेवढ्या अंतरावर आज्ञा द्यायची ती वेळेचा उल्लेख करून, आगाऊ.

'बिंगो'कडे पटकथालेखकांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे. विमानात बिंगो म्हणजे परत फिरण्याची इंधनाची मर्यादा. ती तळापासूनच्या अंतरावर ठरते. अंतराळात ती वेगावर ठरते. मातृयानापासून सेकंदाला २ किलोमीटर वेगाने निघालात, तर थांबायला वेगात तेवढाच बदल लागतो, परत निघायला तेवढाच आणि मातृयानाजवळ थांबायला पुन्हा तेवढाच. निघून गेल्यावर टाकीत वेग एकूण ६ किलोमीटर प्रति सेकंदाने बदलण्याइतके इंधन उरले पाहिजे. अर्ध्या किलोमीटरच्या वेगाने रखडत परतायचे ठरवले तर ३ पुरते, पण मग वाट चौपट वेळेची होते आणि प्रश्न प्राणवायूचा बनतो. "गरुड वन-थ्री, बिंगो" या तीन शब्दांत एवढे सगळे असते. ते ऐकून नेत्याने लढाई सोडायची की साथीदाराला संथ परतीवर एकटा सोडायचा, हा पेच कुठल्याही लेझरच्या झगमगाटाहून दमदार आहे.

आपल्या पुरवणीतल्या परीक्षकांना विनंती की पुढच्या वेळी एक हवाई प्रसंग पडद्याकडे न बघता नुसता ऐकावा. कोण कोणाशी बोलतो, हे आवाज न ओळखताही कळते का, ते वाचकांना सांगावे. ॲनिमेशन शिकवणाऱ्या संस्थांनी स्टोरीबोर्ड काढायला घेण्याआधी विद्यार्थ्यांकडून रेडिओचे एक पान लिहून घ्यावे. त्यात तुकडीचे नाव व क्रमांक, प्रत्येकाचे टोपणनाव आणि ते कोणी व का दिले, कोणती वाहिनी कोण ऐकते, संदेश पोचायला लागणारा वेळ, बुल्सआय कुठे आणि प्रत्येकाचा बिंगो किती, एवढे असावे.

आपला,
एक वाचक, पुणे