त्या रात्री परत आलेल्या तबलावादकांचे आभार

दादरच्या एका स्टुडिओत मी उमेदवारी करत असताना, गेल्या पावसाळ्यात एका अभंगाच्या ध्वनिमुद्रणात माझ्या हातून मोठी चूक झाली. चाचणीच्या वेळी तबला हलक्या हाताने वाजला होता आणि त्यावरूनच मी गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण, ठरवला. पुढे लग्गी, म्हणजे तबल्याचे जलद, जोरकस वादन, रंगली तेव्हा डग्ग्याचा घुमारा शून्य डेसिबलला, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या कमाल मर्यादेला, धडकून फाटला, आणि असा फाटलेला आवाज मिक्सिंगमध्ये मुळासारखा होत नाही. हे लक्षात आले तोवर वादक निघून गेले होते.

आमच्या ज्येष्ठ ध्वनिमुद्रकांनी मला एका शब्दानेही दुखावले नाही. त्यांनी फोन केला आणि स्टेशनच्या जिन्यापर्यंत पोहोचलेले ते तबलावादक भर पावसात परत आले. दमट हवेने उतरलेला तबला हातोडीने पुन्हा सुरात लावत ते म्हणाले, "आता सर्वांत जोराचा हात वाजवतो, तू मीटर बघ." सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास स्थिरावेपर्यंत ते तोच तुकडा न कंटाळता वाजवत राहिले. ध्वनिमुद्रक मात्र शेजारी हाताची घडी घालून बसले होते. गेनची कळ त्यांनी माझ्याच हाती राहू दिली, हे मला आजही फार मोलाचे वाटते.

आपणा दोघांचे मनापासून आभार.