ब्राउझर वारंवार बंद पडतो, दोष मात्र रॅमचा : हमीकाळातील संगणकाबाबत तक्रार

दि. १० सप्टेंबर २०२५
अंबाजोगाई, जि. बीड

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : हमीकाळातील संगणकाची सदोष रॅम बदलून मिळणे, तसेच काम न करताच बंद केलेल्या तीन तक्रारींबाबत.

महोदय,

अंबाजोगाईच्या मोंढा परिसरात माझे ऑनलाइन सेवा केंद्र असून, त्यासाठी दि. १२ मे २०२५ रोजी आपल्या कंपनीचा संगणक (विंडोज ११, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरते साठवणारी मेमरी) तीन वर्षांच्या हमीसह खरेदी केला. जूनच्या मध्यापासून त्यावरील ब्राउझर काम चालू असताना अचानक बंद पडतो. कधी पानाच्या जागी चूक दाखवणारा संदेश येतो, तर कधी कोणतीही सूचना न येता सगळी खिडकीच नाहीशी होते.

याने नेमके काय होते ते एका प्रसंगावरून लक्षात यावे. जुलैच्या अखेरीस, पीक विम्याच्या गर्दीत, एक वयस्क शेतकरी सातबारा, आठ-अ आणि बँकेचे पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सकाळच्या एसटीने आले होते. त्यांची फार्मर आयडी काढायची होती आणि आधारला जोडलेला मोबाइल पुण्यात कंपनीत कामाला असलेल्या मुलाकडे होता. त्याला फोन करून ओटीपी घ्यायचा, तो भरायचा आणि पुढच्या पानावर ब्राउझर बंद, असे लागोपाठ तीनदा झाले. चौथ्या वेळी मुलाने फोन उचलला नाही. ते गृहस्थ मला काही बोलले नाहीत, पिशवी बांधून परत गेले.

मी आपल्याकडे तीनदा तक्रार नोंदवली. प्रत्येक वेळी फोनवर कॅशे साफ करा, एक्स्टेन्शन काढा, ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल करा, एवढेच सांगण्यात आले. मी ते सर्व केले, शिवाय नवे प्रोफाइल तयार केले आणि हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशनही बंद करून पाहिले. क्रोमऐवजी एज वापरण्याचा सल्लाही मिळाला, परंतु दोन्ही ब्राउझर क्रोमियम या एकाच मूळ प्रोग्रामवर उभे असल्याने त्यातून काही सिद्ध होत नाही. म्हणून मी फायरफॉक्स घेतला, ज्याचे इंजिन पूर्णपणे वेगळे आहे. तोही तसाच बंद पडू लागला, तेव्हा दोष ब्राउझरचा नाही याबद्दल माझी खात्री झाली. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (संगणकातील घडामोडींची नोंदवही) अशा प्रत्येक वेळेची नोंद इव्हेंट आयडी १००० (प्रोग्राम अचानक बंद पडल्याचा क्रमांक) खाली सापडते, आणि दोषी म्हणून दाखवलेली फाइल दर वेळी निराळी असते : कधी ब्राउझरची, कधी खुद्द विंडोजची, एकदा तर प्रिंटरच्या ड्रायव्हरची. एखादा प्रोग्राम बिघडला असता तर बहुधा तीच ती फाइल पुन:पुन्हा दिसली असती.

ऑगस्टमध्ये आपले प्रतिनिधी लातूरहून आले. त्यांनी सील तोडून कॅबिनेट उघडले, ब्लोअरने धूळ काढली, एका टॅबमध्ये दहा मिनिटे व्हिडिओ लावून पाहिला आणि ‘तुमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम आहे’ असे सांगून निघून गेले. विजेचा लपंडाव आमच्याकडे आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याच यूपीएसवर आणि त्याच इंटरनेटवर माझा सहा वर्षांचा जुना संगणक बिनतक्रार चालतो. शिवाय एका टॅबवर हा दोष दिसणारच नाही. ब्राउझर साधारणपणे प्रत्येक साइटसाठी स्वतंत्र प्रोसेस चालवतो आणि टॅब वाढतील तशी जास्त रॅम व्यापतो; माझ्याकडे दहा-बारा टॅब उघडे असले, म्हणजेच रॅमचा खराब भाग वापरात आला, की तो बंद पडतो. प्रतिनिधी लातूरला पोहोचण्याआधीच ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा एसएमएस मला आला होता.

त्यानंतर मी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवला. सकाळी पडद्यावर चुकांच्या लाल ओळी होत्या. मग एकेक पट्टी काढून तपासली. पहिल्या पट्टीवर संगणक सलग पाच दिवस एकदाही अडला नाही. दुसरी एकटी लावताच वीस मिनिटांत चुका दिसू लागल्या, आणि स्लॉट (पट्टी बसवायची खाच) बदलल्यावरही त्या तशाच आल्या. म्हणजे मदरबोर्डचा स्लॉट नीट आहे, ही पट्टीच सदोष आहे. सध्या मी ८ जीबीवर काम भागवत आहे.

आता आपले कार्यालय म्हणते की सील तुटलेले असल्यामुळे हमी लागू होत नाही. ते सील आपल्याच प्रतिनिधीने तोडले असून, त्यांच्या सहीच्या सेवा अहवालात तशी नोंद आहे. त्या अहवालाची, खरेदीच्या बिलाची आणि चाचणीच्या छायाचित्रांची प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत सदोष पट्टी विनामूल्य बदलून द्यावी, शक्यतो दोन्ही पट्ट्या एकाच जोडीतील द्याव्यात, आणि हमी अबाधित असल्याचे लेखी कळवावे, ही विनंती. तसे न झाल्यास मला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आणि त्यानंतर बीड येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही आणि अर्जही ऑनलाइन भरता येतो. तो अर्थातच मी जुन्या संगणकावरून भरेन.

प्रतिनिधी पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे त्या दिवशी लोकांना लांबून बोलावणार नाही. येताना त्यांनी नवी पट्टी सोबत आणावी, ब्लोअरची गरज नाही.

कळावे,
आपला ग्राहक
(ऑनलाइन सेवा केंद्र चालक, अंबाजोगाई)