रिक्षावाले काका, गस्तीवरचे पोलीस बीट मार्शल आणि साध्या कपड्यांतल्या पोलीस ताई यांचे आभार

परवा रात्री पर्वती पायथ्याला कोयत्याने गाड्यांच्या काचा फोडणाऱ्यांपैकी एक पोरगा वस्तीच्या हाती लागला. जमाव हात धुऊन घ्यायच्या बेतात. काकांनी ११२ लावला, पोराला रिक्षात कोंबलं आणि स्वतः आडवे उभे राहिले. मार्शलनी कोयत्याला कुणाला शिवू दिलं नाही. ठसे पुसले की पुरावा लंगडा पडतो.

पोरगा १६ वर्षांचा निघाला. म्हणजे बेड्या नाहीत, कोठडी नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आणि त्याच्या नियमांत हे आहेच, पाळतं कोण? ताईंनी पाळलं. त्याला पाणी दिलं, आईला फोन लावून सगळं शांतपणे समजावलं.

काका, झटापटीत फाटलेलं रिक्षाचं हूड वर्गणीतून शिवून देतोय. नाही म्हणू नका.