सर, तुम्ही काहीच झाकून ठेवलं नाहीत

सप्रेम नमस्कार सर,

साकीनाक्याच्या आपल्या फोटो स्टुडिओच्या गाळ्याची चावी तुम्ही मालकांच्या हातात दिलीत, त्याला परवा महिना झाला. त्या दिवशी टेम्पो भरेपर्यंत आपण फक्त सामानाचंच बोलत राहिलो. कुठला स्टँड मला, कुठला लाइटवाल्या दादांना, पार्श्वभूमीच्या कागदाचे उरलेले रोल कुणी न्यायचे. मग तुम्ही काकूंबरोबर गुहागरला निघालात आणि जे बोलायचं होतं ते राहून गेलं. म्हणून हे पत्र.

उघड लिहितेय त्याला कारण आहे. हल्ली मला मुलामुलींचे मेसेज येतात : ताई, असिस्ट करायचंय, कुणाकडे जाऊ, किती दिवस फुकट करावं लागतं? 'फुकट' हा शब्द ती मुलं इतक्या सहज लिहितात की वाचून पोटात कालवतं. मीही तसंच धरून चालले होते. तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी चार महिने उमेदवारी केली. एक पैसा मिळाला नाही, त्याचं मला इतकं वाटलं नाही. पण मी जवळ गेले की मॉनिटर वळवला जायचा. लाइटची मांडणी पूर्ण झाली की मला खाली चहा सांगायला पाठवलं जायचं. चार महिन्यांत मी केबल गुंडाळायला शिकले आणि विचारायचं नसतं, हे शिकले.

तुमच्याकडे पहिल्या दिवशी आले ती डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने साकीनाका, अंगात नवा केशरी कुर्ता. पहिला दिवस म्हणून आईने मुद्दाम घालायला लावलेला. टेबलावर एक स्टीलची कढई होती. तुम्ही म्हणालात, "कॅमेऱ्यातून बघ, काय दिसतंय सांग." मी म्हटलं, कढई. "आणखी?" कढईच्या पोटात एक मोठा केशरी डाग होता. तो मी होते. तुम्ही हसला नाहीत, रागावला नाहीत. तसाच एक फोटो काढलात आणि म्हणालात, "स्टीलला स्वतःचं रूप नसतं. समोर जे असेल ते ते घेतं. त्यामुळे कढईवर लाइट लावायचा नाही, कढईला जे दिसतं त्यावर लावायचा."

दुसऱ्या दिवसापासून मी काळे कपडे घालायला लागले. संक्रांत सोडून काळं नको म्हणणाऱ्या आईला ते पटवायला पंधरा दिवस लागले.

त्या कढईपाशी तुम्ही मला तीन दिवस ठेवलंत, आणि मला त्या तीन दिवसांबद्दल सविस्तर लिहायचंय. आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात, हे मी शाळेत पाठ केलं होतं. तुम्ही मला कॅमेऱ्याच्या जागी एक डोळा मिटून बसवलंत आणि दादांच्या हातात पांढऱ्या कागदाचा तुकडा दिलात. दादा कढईभोवती तो तुकडा फिरवत होते आणि विचारत होते, "आला का? आता आला का?" कढईच्या काठावर तो पांढरा ठिपका उमटला की मी "आला" म्हणायचे आणि दादा तिथे जमिनीवर खडूने फुली मारायचे. तासाभरात जमिनीवर फुल्यांची एक कमानच तयार झाली. कढईला जे काही दिसत होतं ते सगळं त्या कमानीत होतं. त्याबाहेर हजार वॅटचा दिवा ठेवला तरी तो तिच्या पोटात चमकणार नव्हता. शाळेतला तो नियम मला त्या दिवशी पहिल्यांदा समजला.

मग बटर पेपरचा तंबू. कढईला चारी बाजूंनी कागदाने वेढलं, लेन्सपुरतं भोक ठेवलं, बाहेरून लाइट मारला. डाग गेले, पण कढईही गेली. प्लास्टरची असावी तशी सपाट, पांढरीफटक दिसायला लागली. मी दमून तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही काळ्या चार्ट पेपरच्या पट्ट्या आणि कात्री पुढे केलीत. बोटभर रुंदीची काळी पट्टी तंबूच्या आत एका बाजूला चिकटवली आणि कढईला कड आली, गोलाई आली, वजन आलं. काळं घालून चकाकी येते, ही गोष्ट मला अजून नवलाची वाटते. तिसऱ्या संध्याकाळी लेन्सचं छिद्र लहान, एफ ११ ला ठेवून काढलेला तो फोटो तुम्ही बराच वेळ बघितलात आणि म्हणालात, "कान जरा मेले आहेत, पण ही कढई मी विकत घेईन." एवढं कौतुक मला त्यानंतर फार क्वचित मिळालं असेल.

सर, तुमचं उत्तर कधीच राखीव नसायचं. आधी करून बघ म्हणायचात, पण विचारलं की सांगायचात, आणि अर्धवट नाही. लाइटचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप (उजेड निम्मा होण्याच्या दोन पायऱ्या) जातात, हे तुम्ही जमिनीवर टेप लावून, एक मीटर, दोन मीटर, तीन मीटरवर खुणा करून, माझ्याच हातात उजेड मोजायचा लाइट मीटर देऊन दाखवलंत. तीन मीटरवर नववा हिस्सा. तुमची जाड वही, ज्यात प्रत्येक कामाची मांडणी आकृतीसकट लिहिलेली, ती कपाटात नव्हे, टेबलावर पडलेली असायची. "वाच, फोटो काढून घे, कॉपी कर," म्हणायचात. पहिल्या ठिकाणाहून आलेल्या मला त्याची भीतीच वाटायची. आठवडाभर मी त्या वहीला हात लावला नव्हता.

इथे दादांचेही आभार मानायला हवेत. सी-स्टँडचा (लाइट धरणाऱ्या तीन पायांच्या स्टँडचा) सगळ्यात उंच पाय वजनाच्या बाजूला, वाळूची पिशवी त्याच पायावर, आणि आडव्या दांड्याच्या वजनाने नॉब सैल न होता घट्ट होईल अशीच फिरवून ठेवायची. हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं आणि त्यानंतर माझ्या हातून एकही लाइट कधी पडला नाही. मुलगी आहे म्हणून माझ्या हातातून स्टँड काढून घेतला नाहीत, दादा, आणि एकटीला उचलवणार नाही असा बॉक्स दिसला की न बोलता दुसरी बाजू धरलीत. दोन्हींसाठी ऋणी आहे.

दिवाळीच्या जाहिरातींचं शूट आधीच व्हायचं, म्हणून आपली दिवाळी आषाढात यायची. बाहेर धो धो पाऊस आणि गाळ्यात पणत्या, झेंडूची तोरणं, फराळाचं ताट. चकलीच्या त्या कामात दोन किलो चकल्यांतून आपण सात निवडल्या होत्या. काटे सारखे, शेवटचं टोक नीट दाबलेलं, रंग एकसारखा. पावसाळी हवेत त्या अर्ध्या तासात मऊ पडायच्या, म्हणून मी हवाबंद डब्यातून एकेक काढून देत होते. कुणीतरी सुचवलं, लाकडाची रंगवून घेऊ, कोण ओळखतंय. तुम्ही म्हणालात, तोरण प्लास्टिकचं चालेल, चकली क्लायंटचीच हवी, कारण विकायची ती आहे. कोकम सरबताच्या बाटलीवर आपण पाणी आणि ग्लिसरीन निम्मं निम्मं फवारून दव आणायचो, बाटलीमागे तिच्याच आकाराचा चंदेरी कागद कापून ठेवायचो, म्हणजे आतला लाल रंग पेटून उठायचा. पण आत सरबत त्यांचंच असायचं. कुठे सजावट संपते आणि कुठे खोटं सुरू होतं, ही रेघ तुम्ही भाषण न देता दाखवलीत. आज क्लायंटपुढे तीच रेघ मी ओढते.

आणि त्याच जुलैमधली ती गोष्ट. गच्चीवर छत्र्यांचं शूट होतं, पावसाने तासभर उघडीप दिली होती. मी एसीतल्या गाळ्यातून कॅमेरा उचलला आणि धावत वर नेला. पिशवी उघडताक्षणी लेन्स धुक्याने भरली. पुसलं की पुन्हा धुकं. बाहेरच्या दमट हवेतली वाफ गार काचेवर बसत होती, काच तापेपर्यंत ती थांबणार नव्हती. जाहिरात एजन्सीची चार माणसं घड्याळ बघत उभी होती, आणि ढग पुन्हा भरून येत होते. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तुम्ही त्यांच्यासमोर म्हणालात, "माझी चूक. कॅमेरा आधी बाहेर काढून ठेवायला मी सांगायला हवं होतं." तुम्ही सांगितलं होतं, सर. दोनदा सांगितलं होतं. ते तुम्हालाही माहीत होतं, मलाही.

पॅकअपनंतर तुम्ही मला बसवून दाखवलंत : कॅमेरा एसीतच झिपच्या प्लास्टिक पिशवीत हवाबंद करायचा, मग बाहेर न्यायचा आणि बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. वाफ पिशवीवर बसते, काचेवर नाही. ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे कॅमेरे कोरडे ठेवायच्या कपाटात, आर्द्रता चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर का ठेवायची, मुंबईच्या पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी कशी धरते, तेही तेव्हाच. पुढे फोर्टच्या बोरा बाजारात सेकंडहँड लेन्स घ्यायला गेलो तेव्हा तुम्ही माझ्याच हातात टॉर्च दिलात. मागच्या काचेतून उजेड टाकल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी मीच शोधली, आणि ती लेन्स आपण परत ठेवली.

आता पैशाचं. हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि याबद्दल आपल्यात कुणी बोलत नाही. तुम्ही पहिल्या महिन्यापासून मला बारा हजार रुपये आणि रेल्वेचा पास दिलात. मी म्हटलं होतं, सर, मी अजून काही करत नाही. तुम्ही म्हणालात, "सकाळी आठला येतेस ना?" रात्री साडेआठनंतर काम गेलं तर डोंबिवलीपर्यंत गाडी, आणि तिचा खर्च एस्टिमेटमध्ये वेगळ्या ओळीत. ती ओळ मी स्वतः बघितली, कारण दुसऱ्या वर्षी तुम्ही एस्टिमेट मलाच लिहायला लावलीत. शूटची फी, लाइटचं भाडं, स्टायलिस्ट, रिटचिंग, प्रवास, जेवण, निम्मी रक्कम आगाऊ. आणि शेवटी ती ओळ, जी मी आधी कुठेच बघितली नव्हती : वापर कुठे, कोणत्या देशात, किती काळ.

त्या दिवशी तुम्ही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ मला वाचायला लावलंत. पैसे देऊन कुणी आपल्याकडून फोटो काढून घेतला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, काढणारा नाही. मी थक्क झाले. माझा समज नेमका उलटा होता, आणि माझ्या वयाच्या बहुतेकांचा तसाच असतो. "म्हणून लिहून घ्यायचं. भांडायचं नाही, आधी लिहून घ्यायचं," एवढंच तुम्ही म्हणालात. गेल्या वर्षी माझ्या एका कामाचे फोटो फक्त ऑनलाइन वापरासाठी दिले होते, ते होर्डिंगवर लागले. कराराची ती एक ओळ दाखवली आणि वरचे पैसे आठ दिवसांत आले. त्या पैशांतून मी माझा पहिला स्वतःचा लाइट घेतला. तुम्हाला फोनवर लाइटचं सांगितलं होतं, पैसे कुठून आले ते सांगायचं राहिलं.

काम नसलेल्या शनिवारी तुम्ही जुने फोटो काढून बसायचात. औद्योगिक छायाचित्रकार मित्तर बेदींनी कारखान्यांच्या चिमण्या आणि नळ्यांना दिलेला तो डौल. गौतम राजाध्यक्ष जाहिरात संस्थेत काम करता करता चेहऱ्यांकडे कसे वळले. आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, साडी नेसून, रोलीफ्लेक्स कॅमेरा घेऊन पुरुषांच्या गर्दीत उभ्या. त्यांचा विषय वेगळा, धंदा वेगळा, तरी तुम्ही तो फोटो माझ्यासमोर जरा जास्त वेळ ठेवलात. का ठेवलात ते मला कळलं होतं.

मला विचारणाऱ्या मुलांना मी आता हेच सांगते : ज्या ठिकाणी मॉनिटर तुमच्याकडे वळवतात तिथे जा. बाकीचं काम कुठेही जड असतंच. माझ्याकडे जूनपासून बदलापूरचा एक मुलगा येतो. त्याला पहिल्या महिन्याचे पैसे दिले तेव्हा त्यानेही तेच म्हटलं, जे मी म्हटलं होतं.

जाताना तुम्ही मला जुन्या कामांची हार्ड डिस्क दिलीत. 'वापरायला नाही, बघायला' असं चिठ्ठीवर लिहून. काल रात्री ती चाळत होते. तारखांच्या फोल्डरांत माझा पहिला दिवस सापडला. तुम्ही तो फोटो पुसला नव्हता. रिकामी कढई, मागे राखाडी कागद, आणि तिच्या पोटात केशरी डाग, नीट बघितलं तर दोन हात पोटाशी घट्ट धरलेले.

मी तो छापायला दिलाय, बारा बाय अठरा, मॅट कागदावर. गणपतीत गुहागरला येईन तेव्हा आणते. काकूंना नमस्कार.

तुमची,
डोंबिवलीची असिस्टंट