कीर्तन कमी, झाडू जास्त

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

20 डिसेंबर आला की गाडगेबाबांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात, कोणी नेता नवाकोरा झाडू हातात धरून उभा असतो आणि झाडलेल्या रस्त्यावरच परत झाडू फिरवतो. त्यावर हसून झालं, पण मला वेगळं बोलायचंय. एका माणसाच्या श्रद्धेचा आणि वागण्याचा दुसऱ्यांवर किती परिणाम होतो हे बाबांच्या घरातच दिसतं. वडील झिंगराजी दारूपायी गेले, घर मोडलं, आई लहान डेबूला (बाबांचं हे लहानपणचं नाव) घेऊन आमच्या मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला भावाकडे आली. तिथे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. हे सगळं बघून मोठा झालेला डेबू स्वतःच्या पोरीच्या बारशाला काय करतो तर जातवाल्यांना मटण-दारूऐवजी गोडाचं जेवण वाढतो! तेव्हा ती रीतच होती म्हणून लोक चिडले, पण हा माणूस हटला नाही. भाषण नाही काही नाही, फक्त पंगतीत ताट बदललं. 1905 मध्ये घर सोडलं ते नंतरचं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहेच, गावात शिरलं की आधी झाडू आणि रात्री कीर्तन. दिवसभर ज्यानं आपली गटार साफ केली तोच रात्री विचारतो की कर्ज काढून सण कशाला, देवापुढे बकरं कशाला, पोरगं शाळेत का नाही, तर त्याला उलट बोलणार कोण? हेच जर कोणी गादीवर बसून सांगितलं असतं तर लोक ऐकून घरी गेले असते.

आता दुसरी बाजू. लोक विश्वास टाकतात तो काही तपासून टाकत नाहीत, माणूस आवडला की टाकतात. ऑगस्ट 2017 मध्ये हरियाणातल्या पंचकुलाला डेरा सच्चा सौदा पंथाचा बाबा राम रहीम बलात्काराच्या केसमध्ये दोषी ठरला आणि त्याच्या भक्तांनी जाळपोळ केली, तीसहून जास्त माणसं मेली. ते सगळे काय जन्मजात गुंड होते का? घरदार असलेली साधी माणसंही होती त्यात, दारू सोडायला म्हणून डेऱ्यात गेलेली, म्हणजे सुरुवात चांगलीच. म्हणून नुसतं "भक्तांचं व्यसन सुटलं" एवढ्यावर मी कोणाला सर्टिफिकेट देत नाही. मला वाटतं बघायचं ते हे, की पाया पडायला लोक आले तेव्हा त्या माणसानं काय केलं. गाडगेबाबा पाया पडू देत नसत, काठी उगारत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः कुठे राहिले? पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. शिष्य केला नाही, गादी ठेवली नाही, त्यामुळे मागे भांडायलाही काही उरलं नाही (हल्ली गादीवरून कोर्टकचेऱ्या चालतात, असो).

घरातही हेच असतं. आमच्या गल्लीतले एक माळकरी काका कोणाला उपदेश करत नाहीत, पण त्यांच्या ओट्यावर बसणारी दोन-तीन पोरं गुटखा खिशातून बाहेर काढत नाहीत. आणि त्याच गल्लीत एकीनं कुठल्याशा महाराजांच्या सांगण्यावरून बीपीच्या गोळ्या बंद केल्या तर तिचं बघून जावेनंही केल्या, शेवटी दोघींना अकोल्याला अ‍ॅडमिट करावं लागलं. श्रद्धा दोघांकडे सारखीच आहे हो, काकांचा विठोबा काय आणि त्या दोघींचे महाराज काय, मनापासूनच.

2013 ला जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही डॉ. दाभोलकरांचा जीव गेल्यावर. मग एक विचारायचं होतं, राग मानू नका. तुमच्या पेपरात पुण्यतिथीला बाबांवर छान लेख येतो, आणि छोट्या जाहिरातींच्या पानावर "वशीकरण, सौतन से छुटकारा, 24 तासांत गॅरंटी" हेही येतं, मोबाईल नंबरसकट. त्या जाहिराती कधी बंद करणार ते याच सदरात छापाल का?

आपला,
एक जुना वाचक, मूर्तिजापूर