प्रमोशनचे पेढे

आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे बोलायला जमत नाही, बाबांना स्पीकरवर अर्धं ऐकू येत नाही आणि आई लगेच रडायला लागते, म्हणून लिहितेय. मी दुकानात असिस्टंट मॅनेजर झाले म्हणून तुम्ही अख्ख्या सोसायटीत पेढे वाटलेत ना, त्याच प्रमोशनची गंमत आहे.

आधी मी तासावर होते, तासाला २२ डॉलर. इथे न्यू जर्सीत आठवड्याचे ४० तास झाले की पुढच्या प्रत्येक तासाला दीडपट, म्हणजे ३३. त्यामुळे ५० तास भरले की १,२१० व्हायचे, टॅक्स कापायच्या आधी. आता सॅलरी, आठवड्याला फिक्स १,०५०, आणि तास झालेत ५५. बाबा, तुम्ही हिशोबाला पक्के, जुन्या रेटने याचेच १,३७५ झाले असते! बढती मिळाली आणि पगार घटला.

मालकांना विचारलं तर म्हणाले, सॅलरीवाल्यांना ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, नसतो. मला पण आधी तसंच वाटायचं. मग एका रविवारी बसून वाचलं, तर इथला १९३८ चा कायदा आहे त्यात ओटी टाळायला नुसती सॅलरी देऊन भागत नाही, पगार आठवड्याला किमान ६८४ डॉलर पाहिजे (तो आहे माझा) पण काम पण खरं मॅनेजरचं पाहिजे, हाताखाली निदान दोन फुलटाइम माणसं पाहिजेत, कुणाला घ्यायचं कुणाला काढायचं यात आपल्या शब्दाला वजन पाहिजे. आणि मी काय करते, तर सकाळी भेंडीची खोकी फोडते, दिवसभर कॅश रजिस्टरवर उभी, रात्री लादी पुसून शटर ओढते. कुणाची ड्युटी कधी तेसुद्धा मालकच ठरवतात. छातीवरचा बिल्ला तेवढा मॅनेजरचा.

बाबा, भोसरीला तुम्हाला ओटी डबल मिळायचा ना, फॅक्टरी अ‍ॅक्टमुळे? इथे दीडपट, आणि आपण अमेरिका अमेरिका करतो. आपला पहिला फ्रिज ओटीचाच. तुम्हाला सुपरवायझर करत होते तेव्हा तुम्ही नको म्हणालात, आई आठवडाभर धड बोलली नव्हती, मला पण तेव्हा वाटलं होतं बाबा घाबरतात. आता कळतंय तुम्ही काय मोजलं होतं ते.

लेबर खात्यात तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. तक्रार केली म्हणून कामावरून काढायचं नाही असाही कायदा आहे, पण तो मालकांना ठाऊक असला तर. त्याआधी त्यांच्याशी एकदा नीट बोलणार आहे, कागद घेऊन. रोज किती वाजता आले किती वाजता निघाले ते लिहून ठेवतेय, पण माझं सगळं गिचमिड होतं.

बाबा, तुमची ती लाल पुठ्ठ्याची ओटीची वही माळ्यावर असेल, एका पानाचा फोटो पाठवा, रकाने कसे आखायचात ते बघायचंय. आणि आई, पेढ्यांचं कुणाला काही बोलू नकोस.

तुमची,
छकुली