सूचना: जीपीएसमधला ट्रॅक संगणकावर कसा घ्यावा

पावसाळी ट्रेकचे ट्रॅक (जीपीएस यंत्राने केलेली चाललेल्या वाटेची नोंद) जमा करताना सभासदांनी पुढील बाबी पाहाव्यात.

गार्मिन ईट्रेक्स १०, २०, ३० या जीपीएस यंत्रांना मिनी-यूएसबी केबल लागते. हल्लीच्या फोनची केबल त्यात बसतच नाही. केबल डेटाची आहे ना, ते आधी तपासा. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त केबलींत फक्त वीजवाहक तारा असतात. यंत्र सुरू होते, पण संगणकाला दिसत नाही. पोर्टात ओल असेल तर आधी पूर्ण सुकू द्या.

केबल जोडल्यावर यंत्र पेनड्राइव्हसारखे दिसेल. गार्मिन फोल्डर उघडा, त्यात जीपीएक्स नावाचा फोल्डर असतो (जीपीएक्स हा ट्रॅकच्या फाइलींचा प्रकार). साठवलेले ट्रॅक तिथेच असतात. चालू, न साठवलेला ट्रॅक त्याच्या आतल्या करंट फोल्डरात असतो. फाइल कॉपी करा, कट करू नका. केबल काढण्याआधी इजेक्ट करायलाच हवे, नाहीतर फाइल बिघडू शकते.

गार्मिन लेजंड एचसीएक्ससारखी जुनी यंत्रे असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावे. त्यांत ट्रॅक 'सेव्ह' केला की वाटेवरचे काही नोंदलेले बिंदू गाळले जातात आणि वेळेची नोंदही पुसली जाते. म्हणून सेव्ह न करता सक्रिय (चालू, न साठवलेला) ट्रॅकच संगणकावर उतरवा. जीपीएसबेबल हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे.

जीपीएक्स फाइलीतली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे ४ ला चढाई सुरू केली असेल तर फाइलीत आदल्या दिवशीची तारीख दिसेल. ती 'दुरुस्त' करून पाठवू नका. फाइलीच्या नावात किल्ला आणि आपली तारीख लिहा, एवढे पुरे.